पोराची जीभ खोटं बोलत नाही

वासू,

काल सकाळी तुझी फेणीची भट्टी पेटली. तेरावा होऊन चारच दिवस झालेत, सुदेशच्या डोक्यावर अजून नीट केससुद्धा आलेले नाहीत, पण बोंडूंना कुठलं सुतक? काजूच्या झाडांखाली सडा पडला होता. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर सगळे कुजून गेले असते. तेराव्याच्याच संध्याकाळी सुदेश माझ्याकडे येऊन म्हणाला, "आत्ये, बोंडू कुसले जाल्यार पप्पा रागार जातो." मी म्हटलं, मग वेचून रस आंबायला ठेव आणि पेटव. तुझ्या मुलाने तुझ्यामागे पहिला निर्णय घेतला तो तुझ्या रागाला घाबरून. हे ऐकून तुला बरं वाटेल.

मी खरं तर परवाच सर्वणला माझ्या घरी परत निघाले होते. पिशवी भरून झाली होती. सोप्यावर बसून बसच्या वेळेची वाट बघत होते, तेवढ्यात अंगणात बाबुसो सुदेशला काही सांगताना ऐकू आला. बाबुसो बाबांच्या वेळेपासूनचा भट्टीवरचा गडी. आता ऐंशीच्या घरात आहे, तोंडात दात उरलेला नाही, पण सल्ला देणं काही सुटलेलं नाही. तो म्हणत होता, "वासू गेलो, आतां सोरो चाखतलो कोण? आज्याची जीभ नातवाक येता. साईशाक चाखय." साईश, तुझा नातू, सुदेशचा मुलगा, बारा वर्षांचा, आणि दारू चाखायची त्याने! सुदेश तिथल्या तिथे नाही म्हणाला असता तर मी बसमध्ये चढले असते. मी पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली.

तू म्हणशील, ताय, तुका कित्याक ही उठाठेव? लग्न होऊन डिचोलीकडे गेलेली बहीण, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त होऊन घरी बसलीय, तिने भावाच्या भट्टीत नाक कशाला खुपसायचं? बरोबर आहे. पण माझं तुझ्याकडे एक काम राहून गेलंय. आपण भांडायचो कोकणीत आणि पत्रं लिहायचो मराठीत, बाबांनी घराला तशीच सवय लावली होती. म्हणून हेही मराठीतच लिहिते. तू आपलं नेहमीसारखं अर्धं वाचून सोडू नकोस.

आपल्या घरची ती चाल तुला मी काय सांगू? पण सांगते, कारण सुदेशला ती नीट ठाऊक नव्हती आणि साईशला तर मुळीच नाही. आपले आजोबा दारूपायी गेले. स्वतः गाळायचे आणि स्वतः प्यायचे. ते गेल्यावर बाबांनी गावच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून शपथ घेतली, की भट्टी चालवीन, पण थेंब जिभेला लावणार नाही. ती त्यांनी मरेपर्यंत पाळली. आपल्या पार्से गावात त्यांना जो मान होता तो त्या शपथेमुळेच. पण गाळणाऱ्याने चाखलीच नाही तर पहिल्या गाळपाची दारू, आपला हुर्राक, कसा उतरलाय हे कळणार कसं? बाबुसोवर त्यांचा भरवसा नव्हता. करवंटी रिकामी झाल्याखेरीज बाबुसोचं मत तयारच होत नसे. मग बाबांना तू दिसलास.

तूही तेव्हा बारा वर्षांचाच होतास. बाबांचं म्हणणं असं, की मोठ्याने चाखली तर ते पिणं, पोराने चाखली तर ते नुसतं चाखणं. पोराची जीभ कोरी असते, ती खोटं बोलत नाही. म्हणजे बघ, घरात दारू शिरू नये म्हणून घेतलेली शपथ, आणि ती मोडू नये म्हणून मुलाच्या तोंडाला करवंटी. पण तेव्हा घरात कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आईलाही नाही. सर्दी झाली की चमचाभर फेणीत साखर घालून ती आपल्या दोघांच्या तोंडात ओतायची. आपल्या घरात फेणी हे औषध होतं, देवाचा मान होता, पोटाचा धंदा होता. तिला दारू म्हणायचं ते दुसऱ्यांच्या घरात.

मला चाखायला कोणी बोलावलं नाही. मुलीची जीभ बहुधा खोटं बोलत असावी.

तुझी जीभ मात्र होतीच तशी. दारू गाळायच्या भाण्यातून धार लागली की बाबा करवंटीत थोडी धरायचे, तू घोट घ्यायचास, डोळे मिटायचास, आणि बाबा, बाबुसो, म्हापशाहून आलेलं एखादं गिऱ्हाईक असे मोठे मोठे बाप्ये तुझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. "बाबा, उजो चड जालो," तू म्हणायचास, आणि खरंच खाली लाकडं जास्त सारलेली असायची. "ह्यात पावसाचें उदक आयलां," म्हणालास तर आलेलं असायचं. बाबांची छाती फुगायची. मला तुझा हेवा वाटायचा वासू, खोटं कशाला बोलू? मी वर्गात पहिली यायचे त्याचं बाबांना कौतुक नव्हतं. पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक मी त्यांच्यापुढे धरलं की ते सही करायचे आणि विचारायचे, "वासू खंय आसा?"

दिवसाला तीन-चार भाणी उतरायची. प्रत्येकाचे दोन-तीन घोट. असे हंगामाचे तीन महिने, दर वर्षी. हे गणित मी कधी केलं नाही, आणि मी गणितात हुशार होते. पहिली दोन वर्षं तू भट्टीवर बोलावणं आलं की जायचास. चौदाव्या वर्षी बोलावण्याची वाट बघणं सोडलंस. गोठ्याच्या मागे जुन्या बरण्या होत्या, त्यातली पातळी पावसाळ्यातही खाली जायची. आई म्हणायची घूस आहे. कुठली घूस बरणीचं बूच परत लावून ठेवते, हे आपल्या घरात कोणी विचारलं नाही.

त्याआधीचा तू मला लख्ख आठवतोस. तिसापर्यंत पाढे, तेसुद्धा उलटे. पेडण्याच्या बाजारात आईने सांगितलेल्या बारा जिनसा चिठ्ठीशिवाय आणायचास, एक चुकायची नाही. मग हळूहळू चुकायला लागल्या. दहा आणायचास, मग सात. बाबा म्हणाले, वयात येतोय, लक्ष उडालंय. मास्तर म्हणाले आळशी झालाय. मी म्हटलं, लाडाने बिघडलाय. तुझ्यावर शिक्के मारायला सगळ्यांना वेळ होता.

मग तुझं दहावीचं वर्ष आलं. भाषेच्या वादाने गोवा पेटला होता, रस्त्यांवर झाडं आडवी पडत होती, गाड्या बंद. माझं म्हापशाचं कॉलेज धड भरेना, म्हणून मी बराच काळ घरीच होते आणि तुझा अभ्यास माझ्या गळ्यात पडला. तुझी परीक्षा आणि काजूचा हंगाम एकाच वेळी यायचे, हे आपलं दुर्दैव. सकाळी तू भट्टीवर, दहा वाजता माझ्यासमोर पुस्तक घेऊन.

त्या दिवशी मी तुला ऊर्ध्वपातनाची व्याख्या विचारली. द्रव तापवून त्याची वाफ करायची, ती वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा. आदल्या संध्याकाळी तू ती माझ्यासमोर वीस वेळा लिहिली होतीस. सकाळी विचारली तर तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, अरे, आत्ता तासाभरापूर्वी भट्टीवर जे करून आलास तेच सांगायचंय. तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं तू माझी थट्टा करतोयस. भट्टीवरच्या पोराला ऊर्ध्वपातन येत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? आणि मी तुला मारलं. चांगलं कचकचून, गालावर पाच बोटं उठतील असं.

तू रडला नाहीस. गालावर हात ठेवून एवढंच म्हणालास, "ताय, हांव वाचतां गो. पूण उरना."

वाचतो, पण राहत नाही. मी म्हटलं, नाटकं करू नकोस.

वासू, तुझ्या तोंडाला तेव्हा वास येत होता. मला तो आला होता. मी मारलं ते व्याख्येसाठी, वासासाठी नाही. हुर्राकाबद्दल तुझी जीभ काय सांगते त्यावर तीन गावांचा विश्वास होता. त्याच जिभेने तू स्वतःबद्दल एक खरी गोष्ट सांगितलीस, आणि ती मी, तुझ्या सख्ख्या बहिणीने, खोटी ठरवली.

गोवा राज्य झालं त्याच सुमाराला तुझा निकाल लागला. गावात पेढे वाटले जात होते, आपल्या घरात चूल पेटली नव्हती. तू मात्र पेढा खात अंगणात आलास आणि म्हणालास, "भास खंयचीय जांव, नापास तो नापासच." भाषा कुठलीही होवो, यावर सगळ्यांना हसू आलं, बाबांनासुद्धा. तुझं हे मला कधी जमलं नाही. स्वतःच्या दुखण्यावर लोकांना हसवून मोकळा व्हायचास.

पुढचं फार सांगत नाही. मुरगावच्या गोदीवर मामाने तुला चिकटवलं, आठ महिन्यांत परत आलास, कारण सांगितलेली कामं तुझ्या ध्यानात राहीनात आणि पगाराच्या दिवशी तू कोणाला सापडेनास. लग्न केलं की सुधारेल म्हणून विशीतच तुझं लग्न लावलं. असा सुधारतो होय माणूस? तुझ्या बायकोचं, सुनंदाचं मला आजही वाईट वाटतं. एवढं सगळं होऊन तू सोडलीस ती कोणाच्या सांगण्यावरून नाही. सुदेश दहा वर्षांचा झाला आणि बाबुसोने सवयीने त्याच्यापुढे करवंटी धरली. ती तू हातातून काढून घेतलीस आणि त्यानंतर स्वतःही कधी प्यायला नाहीस. किती सोसलंस ते सुनंदाला ठाऊक. अंगाला कापरं, रात्ररात्र जागरण. मी त्या वर्षी दोनदा आले, दोनदा उपदेश करून गेले.

चाखायचं सोडल्यावर तू नजरेने ओळखायला शिकलास. बाटलीत थोडी धरायची, जोरात हलवायची आणि उजेडात बुडबुड्यांचे मणी बघायचे, किती उठतात, किती वेळ टिकतात. लोक हसायचे, चाखल्याशिवाय हा काय सांगणार? वर्षभरात हसणं बंद झालं. इतकं बारीक शिकलास, ते तुझ्या ध्यानात राहिलं, आणि तरी मी तुला 'डोक्याने बेताचा' असंच म्हणत राहिले.

हो, म्हणत राहिले. आता खरं सांगायचंच तर सगळं सांगते. तीस वर्षं मी वर्गात ऊर्ध्वपातन शिकवलं आणि जवळजवळ दर वर्षी तुझी गोष्ट सांगितली. माझा एक भाऊ आहे, त्याची दारूची भट्टी आहे, आणि त्याला ऊर्ध्वपातनाची व्याख्या येईना. मुलं खो खो हसायची. धडा त्यांच्या लक्षात राहायचा. तुझ्या मानेवर पाय देऊन मी चांगली शिक्षिका झाले.

आणि त्यावर तोरा किती! माझा निखिल पंधरा वर्षांचा असताना सुट्टीत तुझ्याकडे आला होता, आठवतं? भट्टीवरच्या कोणीतरी त्याला लिंबू, मीठ, मिरची घालून ग्लासभर हुर्राक दिला. तू तो ग्लास त्याच्या हातून घेऊन दगडावर आपटलास. पोराला रडू कोसळलं. मला राग आला तो तुझा. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला." तू सोडून सहा वर्षं झाली होती, तरी म्हटलं. मी जायला निघाले तेव्हा तू फाटकापर्यंत आलास आणि म्हणालास, "ताय, झाडावयलें बोंडू आमी काडिनांव. पिकून पडलें मगीरच उखलतांव." झाडावरचं काढत नाही, पिकून पडल्यावरच उचलतो, हे ऐकून मला वाटलं, विषय बदलतोयस.

तू काय सांगत होतास ते कळायला मला डॉक्टरीणबाई लागल्या. डिचोलीत विज्ञान शिक्षकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. वयाने माझ्या मुलीसारखी एक डॉक्टर आली होती. ती म्हणाली, मेंदू लहानपणी बांधून पुरा होतो असं तुम्ही शिकवत असाल तर थांबवा. बारा-तेराव्या वर्षापासून त्यात मोठी उलथापालथ चालू होते. नको ती जोडणी छाटली जाते, हवी ती पक्की होते, आणि हे काम पंचविशीच्या आसपासपर्यंत चालतं. 'थांब' म्हणणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. आठवणी धरून ठेवणारा भाग या वर्षांत दारूपुढे फार हळवा असतो. शिवाय जितक्या लवकर सवय लागते, तितकी ती सोडणं कठीण जातं. "घराचं वायरिंग चालू असताना भिंतींवर कोणी पाणी सोडतं का?" तिने विचारलं.

एक मास्तर उठून म्हणाले, आमच्याकडे घरोघरी पोरांना देतात, कुठे काय होतं? ती रागावली नाही. म्हणाली, सगळ्यांना सारखंच होतं असं नाही, कोणाला कमी, कोणाला जास्त. पण जास्त कोणाला होणार हे आधी कळत नाही.

चहाची सुट्टी झाली तरी मी खुर्चीतून उठले नाही. हांव वाचतां गो, पूण उरना. डॉक्टरने तासभर जे चित्रं दाखवून सांगितलं, ते तू पंधराव्या वर्षी पाच शब्दांत सांगितलं होतंस. तुझ्या बाबतीत नेमकं काय किती झालं हे आता कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही, हे मला समजतं. कदाचित तू तसाही नापास झाला असतास. पण तू खोटं बोलत नव्हतास. एवढं तरी मला तिथे, त्या खुर्चीवर, लख्ख कळलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

पुढच्याच रविवारी मी पार्सेला आले. ठरवून आले होते, की तुझी माफी मागायची. तू झाडाखाली बसून बाटली हलवत होतास. मी तुझ्यासमोर बसले आणि माफी मागायच्या ऐवजी चक्क तास घेतला. मेंदू, जोडणी, छाटणी, पुढचा भाग, मागचा भाग. 'पोरांना', 'मुलांना' असं म्हणत राहिले, 'तुला' असं एकदाही म्हटलं नाही. तू बाटली खाली ठेवून शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकलंस. मग विचारलंस, "मगीर भरून येता?"

मी म्हटलं, सोडल्यावर पुष्कळ सुधारतं. सगळं नाही, पण पुष्कळ.

"आतां उरता माका थोडें थोडें," तू म्हणालास आणि हसलास. तेव्हा मी तुझा हात धरायला हवा होता. मी सुनंदाला चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर आपण किती वेळा भेटलो वासू, चतुर्थीला, लग्नामुंजींना, नुसतेच. दर वेळी मनात म्हणायचे, पुढच्या खेपेला. दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस, आणि पुढची खेप संपली.

आता कालचं ऐक.

पहिली धार लागली तेव्हा नऊ वाजले असतील. राखणदाराचा मान काढून ठेवला, नारळ फोडला. सुदेशने बाटलीत थोडी धरून हलवली, उजेडात बघितली, पुन्हा हलवली. त्याला मणी तुझ्यासारखे वाचता येत नाहीत. चाखून बघायला तर त्याला जीभच नाही, तू त्याला लागूच दिली नाहीस. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बाबुसोने करवंटीत घोटभर ओतली आणि साईशला हाक मारली. "ये रे बाबा. इल्लेंशें. आज्याच्या नांवान."

आज्याच्या नावाने म्हटल्यावर सुदेशला नाही कसं म्हणवणार? मी उठले. रात्री मनाशी चांगलं भाषण तयार केलं होतं, डॉक्टरने सांगितलेलं सगळं, वायरिंगसकट. पण मी तोंड उघडायच्या आत साईशने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हांव चाखचों ना," तो म्हणाला.

बाबुसो हसला. "भियेता रे?"

"भियेना. आज्यान सांगलां माका." आणि मग माझ्याकडे बोट दाखवून तो पोर सगळ्यांना सांगू लागला. आजो माझ्याएवढा होता तेव्हा त्याला सगळे चाखायला लावायचे. त्याचा बाबा, बाबुसो, सगळे. फक्त एकटी ही आजी आड आली. दारू पितोस म्हणून तिने आज्याला इतकी जोरात थापट मारली की गालावर बोटं उठली. "आजो म्हणटालो, सगळ्यांनी माका सोरो दिलो, एकल्या तायन माका थापट दिलें. तें हांव मरसर विसरचों ना."

बाबुसोची मान खाली गेली. सुदेश म्हणाला, "आत्ये, पप्पा हें सगळ्यांक सांगतालो. तुका खबर ना?"

मला ठाऊक नव्हतं. मी तुझी गोष्ट वर्गावर्गात सांगून तुला हसण्यावारी नेलं, आणि तू माझी गोष्ट घरात सांगून मला देवी करून ठेवलंस. तुझा विसराळूपणा सगळ्या जगाला माहीत, पण ही एक थापट तू विसरला नाहीस, आणि तिचं कारण मात्र बदललंस. मुद्दाम बदललंस, की तुला खरंच तसं वाटत होतं? हे आता मला कोण सांगेल? मला तुझा इतका राग आला वासू, आणि इतकी माया दाटली, की तिथल्या तिथे हुंदका फुटला. सुनंदाने पाणी आणून दिलं.

गप्प बसणं सोपं होतं. साईशने हात मागे नेलेच होते. माझं काम आयतं झालं होतं, वर मानही मिळाला होता. सुदेश माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता तशा नजरेने आपल्या बाबांनी माझ्याकडे कधी बघितलं नाही. मी ते तसंच ठेवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

पण मी त्याला जवळ बोलावलं. लाकडांच्या ढिगावर आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, "साईश, तुझे आजोबा फार चांगले होते म्हणून त्यांनी तुला असं सांगितलं. पण मी त्यांना दारूसाठी मारलं नव्हतं. त्यांना धडा आठवेना म्हणून मारलं. ते म्हणाले, वाचतो पण राहत नाही, आणि मी म्हटलं, नाटक करतोस. ते नाटक नव्हतं. त्यांच्या तोंडाला वास येत होता, तो मला आला होता, आणि मी काहीच बोलले नव्हते. तुझे आजोबा मठ्ठ नव्हते. आळशी नव्हते. आम्ही सगळ्या मोठ्यांनी मिळून त्यांचं ते वय नासवलं."

बाबुसो, सुदेश, सुनंदा, सगळे ऐकत होते. मी आवाज मुद्दाम मोठाच ठेवला होता.

साईश पायाने माती उकरू लागला. हिशेब जुळत नव्हता बिचाऱ्याचा. मग त्याने वर बघितलं आणि विचारलं, "मगीर आज्याक आडायलो कोणें?"

"कोणीच नाही, बाळा," मी म्हटलं.